तिसरी खाच

राहेच्या जुन्या बंबखान्यात, वरच्या मजल्यावर,
जिथे पूर्वी ओले पाइप वाळत टांगायचे,
तिथे सहा खाचांचा ट्रॅक आहे.
बहात्तर सालच्या हिवाळ्यात
ताइस्तो आणि आणखी चौघांनी
पोलादाच्या भट्टीवरून पाळी संपवून येत
रात्री रात्री प्लायवूड कापून बसवलेला.

खाचेत गाडीची जीभ जाते.
दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी.
एवढंच.
जीभ खाचेत, अंगठा बटणावर,
आणि वळण यायच्या आत हात आवरायची अक्कल.

तांबं काळं पडलं होतं.
दोन-तीन जागी सुटून वर आलेलं,
एका जागी गुलाबी नेलपॉलिशने चिकटवलेलं
(कोणाचं, ते कोणी सांगत नाही).
पलीकडे, शिडीखालच्या वळणावर
पोचेपर्यंत वीज दमायची.
इथून बारा व्होल्ट निघायचे, तिथे आठ उरायचे,
गाड्या गुडघे टेकून वळायच्या.

मी त्याच कारखान्यात इलेक्ट्रिशियन.
"बघ काही होतंय का," ताइस्तो म्हणाला.
त्याच्या मानाने हे भाषणच.

सगळा मार्च मी ट्रॅकखाली उताणी.
जाड तारा ओढल्या, सहा ठिकाणी वीज वर दिली,
कथलाचा एक थेंब मानेवर घेतला.
फळीच्या पोटाला पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं:
"ऊर्हो मला वीस मार्क देणं लागतो."
ऊर्हो गेला. मार्कही गेले.
मी त्या अक्षरांना वळसा घालून तार ठोकली.

बोटं भाजणारे जुने कंट्रोलर खोक्यात गेले.
नव्यांना दोन बटणं आहेत:
ब्रेक किती, पहिला झटका किती, ते पिळून ठरवा.
रेषेवर पूल उभारला, त्यात न दिसणारा उजेड,
खाली सहा डोळे,
आणि लॅपटॉपवर सेकंदाचा हजारावा तुकडा.

पहिल्याच फेरीत ताइस्तो
शिडीखाली सवयीने बटण पूर्ण दाबून राहिला.
बावन्न वर्षं तिथे तसंच दाबावं लागायचं.
गाडी थेट खिडकीखालच्या बादलीत.
तो बराच वेळ बादलीकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "वीज पोचली."

रौनीचं काय करायचं, हे कोणी ठरवलं नव्हतं.
रेषेशेजारी तिचं स्टूल,
गालात खारट काळं सल्मियाक्की,
हातात लाल पेन्सिल.
चार उभ्या, एक आडवी.
ती गाड्या बघायची नाही, ऐकायची.
प्रत्येक खाचेचा सांधा वेगळा बोलायचा,
आणि ते सगळे सांधे मी घासून सपाट केले होते.
"आता सगळ्या एकसारख्याच पुटपुटतात," ती म्हणाली,
आणि स्टूल हातभर पुढे ओढलं.

एप्रिलची शर्यत. पाच मिनिटांची.
संध्याकाळचे साडेआठ, खाडीत अजून बर्फ.
पडद्यावर: तिसरी खाच, ताइस्तो, चाळीस.
"त्रेचाळीस," रौनी म्हणाली.
आतु सतरा वर्षांचा. तो हसला,
"मशीन कशाला चुकेल?"
रौनीने कागद त्याच्याकडे सरकवला.
आठ जुड्या आणि वर तीन.

मी ट्रॅकवर वाकले तेव्हा दिसलं:
बर्फावरून उसळून, पश्चिमेच्या काचेतून
तळहाताएवढं ऊन आत आलेलं,
नेमकं तिसऱ्या डोळ्यावर बसलेलं.
डोळा दिपला होता.
गाडी गेली तरी सावली त्याला कळत नव्हती.

सगळे गप्प.
रौनीने सल्मियाक्कीची डबी उघडली,
उरलेल्या दोन गोळ्या आतुच्या हातावर ठेवल्या,
रिकामी डबी मला दिली.

मी पुठ्ठा कापून
पुलाला छोटं छप्पर लावलं.
काळ्या-पांढऱ्या चौकटींचं. कडेला अजून मीठ आहे.

दर गुरुवारी आतु लॅपटॉप सुरू करतो,
आकडे बघतो,
मग तिच्या कागदाकडे बघतो.
पेन्सिलीला टोक तोच करून देतो आता.